अर्धी गिरकी

आपल्याकडची झाडून सगळी माणसं तिला गोफण म्हणतात. बातम्यांत गोफण, शाळेच्या पुस्तकात गोफण, बारशाला आणलेल्या झबल्यावर छापलेली तीही गोफणच. मला हे नाव कधी पटलं नाही, आणि त्या दोरीच्या टोकाला लटकून आलेली बाई म्हणून बोलायचा थोडा हक्क मला आहे. ती गोफण नाही. ती फुगडी आहे.

गोफण फिरवणारा शेतात पाय रोवून उभा असतो. तो दगडाला जेवढा ओढतो तेवढाच दगड त्याला ओढतो, पण त्याच्या पायाखाली अख्खी पृथ्वी असते, म्हणून तो जागचा हलत नाही. आकाशातल्या त्या शेकडो किलोमीटर लांब दोरीला पाय टेकायला काहीच नाही. ती स्वतःच्या मध्याभोवती गिरक्या घेते आणि गिरक्या घेता घेता पृथ्वीला प्रदक्षिणाही घालते, भोवरा फिरता फिरता अंगणभर सरकतो तशी. तिने नुसताच एक डबा चंद्राकडे भिरकावला, तर त्या धक्क्याने ती स्वतः खाली घसरेल, आणि असे थोडे डबे भिरकावले की समुद्रात जाऊन पडेल. म्हणून तिच्या दोन्ही टोकांना सारख्या वजनाचे डबे लागतात आणि दोन्ही एकाच क्षणी सोडावे लागतात.

सोडतात ते दोरी उभी असताना. त्या क्षणी वरच्या टोकाला प्रदक्षिणेचा वेग आणि गिरकीचा वेग एकाच दिशेने मिळतात. बेरीज होते आणि वरचा डबा चंद्राकडे सुटतो. खालच्या टोकाला गिरकीचा वेग उलट्या दिशेने असतो. वजाबाकी होते आणि तो डबा पृथ्वीकडे पडू लागतो. एकाला जे मिळतं ते दुसऱ्याकडून घेतलेलं असतं, दोरी आहे तिथेच राहते. इंजिन नको, जाळ नको. दोघींनी हात धरायचे, फिरायचं आणि सोडायचं. आता ही फुगडी नाही तर काय!

एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. चंद्राकडून आलेला डबा दोरीच्या वरच्या टोकाला धरला जातो, पृथ्वीवरून आलेला खालच्या. अर्ध्या गिरकीत वरचा खाली येतो आणि खालचा वर जातो. तेव्हा सोडलं तर दोघे आपापल्या मुक्कामी पोचतात. पण आणखी अर्धी गिरकी थांबून सोडलं, तर जो जिथून आला तिथेच परत जातो.

त्या खेपेला दोन्ही डब्यांत माल नव्हता, एकेक बाई होती. चंद्राकडून येणारी मी, गार्गी धुरी. पृथ्वीवरून जाणारी माझी वहिनी, मैथिली.

नऊ वर्षांपूर्वी मी आणि दादा एकाच तुकडीतून चंद्रावर गेलो होतो. तिथल्या बर्फाच्या खाणीत यंत्रं दुरुस्त करायची नोकरी. करार संपला की वाढवायचा, तो संपला की पुन्हा वाढवायचा. पुढच्या गणपतीला नक्की, असं दर गणपतीला आईला सांगायचं. आई आणि वहिनी कुडाळजवळच्या आमच्या वाडीत. मग एक दिवस झुलत येणारा यंत्राचा खांब दादाने हाताने थांबवायला पाहिला. चंद्रावर वस्तूचं वजन एक षष्ठांश होतं, पण तिचं जडत्व होतं तेवढंच राहतं. उचलायला फुलासारखा वाटणारा खांब थांबवायला मात्र पृथ्वीवर होता तितकाच जड. हे दादाला पाठ होतं, नवीन पोरांना तोच शिकवायचा. डोक्याला ठाऊक होतं, हात विसरला. त्याच्या पाठीचा कणा असा मोडला की पृथ्वीचं वजन तो आता जन्मात पेलणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे दादा कायमचा चंद्रावर.

मी तीन वर्षं त्याचं केलं. तिकडे वहिनी आईचं करत होती. शेवटी मी, दादा आणि वहिनीचा भाऊ, असे आम्ही बसून ठरवलं की मुलगी आईकडे, बायको नवऱ्याकडे. ऐकायला किती रास्त वाटतं! आमच्याकडे माणसाची जागा नात्यावरून ठरते. इतक्या वर्षांत कोण कुठे रुजलंय, हे विचारायची पद्धत नाही. वहिनी फक्त "बरा" म्हणाली होती. चंद्र आणि पृथ्वी यांच्यातून येणाऱ्या "बरा"मध्ये किती बरं आहे, ते कळत नाही.

मला घरी यायचं होतं. त्यात खोटं नाही. चंद्रावर नऊ वर्षं मी रोज झोपताना एकच गोष्ट आठवत असे, आणि ती म्हणजे गणपतीतली फुगडी.

आरत्या आटोपून पुरुष भजनाला बसले की बायका खळ्यात उतरायच्या. खळं म्हणजे घरापुढचं शेणाने सारवलेलं अंगण. अनवाणी पायांना ते गार आणि किंचित ओलसर लागायचं. गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या माटवीला टांगलेल्या कवंडळांचा, म्हणजे रानफळांचा, आणि आंब्याच्या डहाळ्यांचा वास बाहेरपर्यंत यायचा. आई फुगडीची म्होरकी. अंगाने थोराड, पण पायांत भिंगरी. चवड्याला चवडा लावून ती मागे रेलली की समोरचीला वाटायचं, आपल्याला एखाद्या झाडाने धरलंय.

माझे हात मात्र नेहमी चुकायचे. फुगडीत हातांची अढी घालतात. उजव्या हाताने उजवा धरायचा, डाव्याने डावा, आणि आमच्या घरची रीत अशी की उजवा वर ठेवायचा. मी डावा वर घालायची. का, ते ब्रह्मदेवाला ठाऊक. आई दर वेळी चटकन जीभ वाजवायची, "उलटो हात! किती येळा सांगूचा गो तुका?" मग माझी बोटं सोडवून, हात नीट करून, परत घट्ट धरायची. मला तर कधी कधी वाटतं, ते सोडवणं नि धरणं मला आवडायचं म्हणूनच मी सुधारले नाही.

वहिनी नवी नवरी होऊन आली तो गणपती मला आजही दिसतो. ती वेंगुर्ल्याकडची, कुडाळच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारी. आईने तिला माझ्यासमोर उभं केलं. माझी अढी उलटी, त्यात घाम. वेग चढला आणि हात सुटले. मला वाटलं मी मागच्या मागे आपटणार, पण गेले ती बाजूला, थेट तुळशीवृंदावनावर. कपाळाला खोक पडली. वहिनी रडत हळद घेऊन धावली आणि दुसऱ्या दिवशी रांगोळीने खळ्यात मोठं वर्तुळ काढून मला शिकवायला बसली. सासरी आली तरी मास्तरीण ती मास्तरीणच.

"तुका भायर कोणी ढकलूक नाय गो," ती म्हणाली. "तू दर क्षणाक सरळ जावक बघीत होतंस. मी तुका ओढून वळवीत होतंय. हात सुटलो, तसा वळवणारा कोण रवला नाय, म्हणान तू सरळ गेलंस." तिने वर्तुळाला टेकून एक सरळ रेघ काढली. ती बरोबर तुळशीला लागली. "ही जी सरळ जावची खोड, तिका म्हणतत जडत्व."

"धुरींच्या घरात ता मापाभायर आसा," दादा ओटीवरून ओरडला होता, आणि आई त्याच्यावर खेकसली होती.

चंद्रावर फुगडी जमत नाही. मी आणि एका नागपूरच्या मुलीने करून पाहिली होती. वजनच पुरेसं नाही तर पायाला पकड कुठली? चवडे सटकतात आणि दोघी कागदासारख्या हवेत. तिथल्या लोकांनी हसून घेतलं, मी मात्र त्या रात्री आईला हाक मारून रडले.

माझा डबा दोरीने धरला तेव्हा आधी एक झटका बसला आणि मग वजन आलं. चंद्रावरच्या फिरत्या खोलीत मला सवय करवली होती, तरीही ते अंगावर आलं. गाल खाली ओढले गेले. मांडीवर ठेवलेला हात दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. आणि मग डोक्यात उजेड पडला की हे वजन पृथ्वीचं नाही. सरळ जायच्या माझ्या खोडीला दोरी वळण लावत होती, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला वहिनी होती. तिचा भार होता म्हणून मला वजन होतं, माझा भार होता म्हणून तिला.

"गार्गे, पोचलंस?" कानात तिचा आवाज आला.

"वयनी, तू जाड झालंस गो. हात दुखतत माझे."

"जळला तुझा तोंड! तुझ्या वजनाबरोबर होवक माझ्या डब्यात तीस किलो वाळू भरल्यानी. जाड कोण, ता समाजला?"

मी इतकी हसले की त्या नव्या वजनाने बरगड्या दुखल्या. नऊ वर्षांत प्रथमच तिचं उत्तर ताबडतोब आलं होतं. चंद्रावरून घरी बोलताना शब्द जायला नि उत्तर यायला मध्ये एक खळगा पडतो. त्या खळग्यात थट्टा मरते, भांडण तर होतच नाही. नऊ वर्षं आम्ही नणंद-भावजय एकमेकींशी सभ्यपणे बोलत होतो, म्हणजे बोलतच नव्हतो.

मी विचारत सुटले. खळं सारवलंय का? तर खळ्याला कोबा केला, आई घसरायला लागली म्हणून. विहिरीवरचा रायवळ आंबा? तो वादळात गेला. माझी खोली? त्यात आई झोपते आता, तुझं कपाट तसंच आहे. एकेक गोष्ट ऐकताना माझ्या डोळ्यांपुढचं घर कोपऱ्या-कोपऱ्यातून खचत होतं, पण त्याला माझी तयारी होती. आई होती ना अजून.

"आई काय म्हणता? माझी वाट बघता मा?"

ती गप्प झाली. चंद्रावर असते तर ती शांतता मी अंतरावर ढकलली असती. इथे तशी सोय नव्हती.

"वयनी?"

"गाडीपर्यंत माका पोचवक इली," ती हळू म्हणाली. "माझ्या तोंडावर हात फिरवल्यान. म्हणाली, गार्गे, सांभाळून जा. दादाक विचारलंय म्हणान सांग."

"तुका गार्गी म्हणाली?"

"दोन वर्सा झाली, माका गार्गीच म्हणता."

"मगे मैथिली खय गेली म्हणता ती?"

"मैथिली चंद्रावर, घोवाकडे."

मला आधी हसू येईल असं वाटलं. मग आठवले सगळे रविवार. आई पडद्यावर हसायची, मान डोलवायची, 'बरी आसंस मा' विचारायची. ती फोन धरलेल्या गार्गीकडे, म्हणजे वहिनीकडे, बघून हसत होती, आणि पडद्यावरची मी तिची लांबची, बरी चाललेली सून होते. आम्ही शहाण्यांनी बसून जे ठरवलं, ते आईच्या मनात दोन वर्षांपूर्वीच होऊन गेलं होतं. लेक घरी, सून नवऱ्यापाशी. आणि आता आम्ही तिची ती लेक उचलून नेत होतो.

"तू सांगलंस कित्याक नाय?"

"सांगलंय असता तर तू इली असतंस?"

डब्यात हिरवा दिवा लागला. दोरी उभी होत आली होती, मी खाली, वहिनी वर. समोर एक दांडा होता. दोघींनी ओढला तरच दोरी सुटते. एका बाजूनेच सुटली तर दुसऱ्या टोकाचं काही खरं नसतं, म्हणून ही खबरदारी. खिडकीतून समुद्र दिसत होता आणि त्याच्या कडेला ढगांआड किनारा. आपला की कुणाचा, कळत नव्हतं. मी दांड्यावरचा हात काढून घेतला.

दिवा विझला. जमिनीवरच्या नियंत्रकाने विचारलं काय झालं. मी सांगितलं, गरगरतंय, जरा थांबा. तो म्हणाला, हरकत नाही, दोरी अजून दोन वेळा उभी होईल, त्यापुढे ही खेप रद्द होईल आणि दोघींना उतरवायला दुसरं यान पाठवावं लागेल, त्याला किती दिवस लागतील सांगता येत नाही.

"गार्गे, काय ह्या?"

"आता मी वर जातंय आणि तू खाली येतंस," मी म्हटलं. "दिवो लागलो की दांडो ओढ. तू घराक जा, मी दादाकडे जातंय. यंत्राक काय त्याचा? जाणारी आजारी पडली तर तिका परत धाडूक ही सोयच आसा."

"आणि मगे?"

"मगे काय? आईक तिची गार्गी गावतली. मी खाली उतरलंय तर तिची गार्गी जातली, आणि दारात उभी रवतली कोण एक परकी बाई. मी जेच्यासाठी येतंय, ताच माझ्या येण्यान जाता. कळता मा तुका?"

अर्ध्या गिरकीला दहा-बारा मिनिटं लागतात. मी वर चढत होते. खिडकीतली पृथ्वी पायाशी होती ती सरकत डोक्यावर गेली, पण माझं वजन तसूभर बदललं नाही. वर-खाली हे बाहेरच्यांचं, टोकाला धरलेलीला फक्त ओढ कळते. दिवा लागला. मी दांडा ओढला, जीव खाऊन ओढला.

काही झालं नाही. दिवा हिरवाच राहिला आणि थोड्या वेळाने विझला.

"मी सोडूचंय नाय," वहिनी म्हणाली.

"वयनी!"

"माझा विचारलंस?" तिचा आवाज चढला. नऊ वर्षांत मी तिचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "बायको घोवाकडे गेली पायजे, म्हणान मी जातंय असा वाटला तुमका? मी जातंय कारण माका तो होयो आसा. सात समुद्र नाय, सगळा आकाश मध्ये आसा, तरी माका तो होयो आसा. ह्या बोलूक माका लाज नाय. दोन वर्सा मी तुझ्या नावान ओ दिलंय. शाळा सोडलंय. माका मैथिली म्हणणारा घरात कोण रवला नाय. रविवारी तुझो दादा म्हणी, ता पण खळग्यातून. माका एकदा मैथिली होवक होया, गार्गी."

तिने मला प्रथमच 'गार्गे' न म्हणता 'गार्गी' म्हटलं होतं.

"पण ती माका वळकूची नाय गो," मी म्हटलं. आता मी रडत होते, आणि वजनामुळे पाणी सरळ गालांवरून हनुवटीवर जात होतं. चंद्रावर ते बराच वेळ डोळ्यांतच साचून राहतं.

"नाय वळकूची." तिने खोटा धीर दिला नाही, तेवढं तिचं मास्तरीणपण. "माणूस म्हातारा झाला, डोक्यातला गेला, की ता पण सरळच जाता गो. भिंतीकडे, पाणंदीकडे, रात्री विहिरीकडे. कोणतरी धरून वळवूचा लागता. मी वळवलंय. माझे हात आता भरून इले. तुझ्या आवशीक मी इतकी वर्सा धरलंय, आता तू धर."

मला त्या क्षणी कळलं की दोरीतून मला जो भार जाणवत होता त्यात वाळू कमी आणि हे जास्त होतं. आणि मी काय करायला निघाले होते? आईचा सगळा भार पुन्हा तिच्याच हातात देऊन वर पळायला. शिवाय त्याला 'आईसाठी' असं नाव देऊन.

"वयनी," मी म्हटलं, "दादाक भात मऊ लागता. आणि पाठीक तेल लावताना गप रव, तो गाणा म्हणता."

"म्हाईत आसा माका. घोव आसा तो माझो."

दिवा लागला. खाली मी, वर ती.

"एकदम हां," ती म्हणाली. "मागे पडूचंस नाय तू, सरळ जातलंस. भियां नको."

आम्ही सोडलं.

वजन गेलं, एका क्षणात, कुणी हातातून हात काढून घ्यावा तसं. नाक पुसायला मी हात उचलला तर तो कपाळापर्यंत गेला. वहिनी काहीतरी बोलत होती, मी तिला मैथिलीवयनी म्हणून हाक मारली, ती "ओ" म्हणाली. दोन दिवसांनी पुन्हा बोललो तेव्हा तिच्या "ओ"च्या आधी खळगा पडायला लागला होता.

उतरल्यावर चालायला शिकण्यात बरेच दिवस गेले. तोवर शेजारच्या कुंदाकाकी आईपाशी होत्या. मी काठी टेकत पाणंदीतून घरी आले, तेव्हा आई ओटीवर बसून वाल सोलत होती. केस पांढरे, हात मात्र तेच. तिने मान वर केली.

"इलंस मैथिली?" ती म्हणाली. "माझो झील बरो आसा मा?"

"बरो आसा," मी दादाचं सांगितलं.

"गार्गी आताच गेली बघ. तुमची चुकामूक झाली."

मी तिच्याजवळ बसले आणि वाल सोलायला घेतले. दुसरं काय करायचं? तेव्हापासून मी मैथिली झाले. वहिनीची पातळं नेसते, वहिनीच्या पेल्यातून चहा पिते. आई पाणंदीकडे निघाली की दंडाला धरून तिला अलगद वळवते. दर रविवारी पडद्यावर वहिनी दिसली की आई ओरडते, "गार्गे, जेवलंस?" आणि तिथून वहिनी "जेवलंय गो आये" म्हणते. मागून दादाचा आवाज येतो, मुद्दाम मोठा, "मैथिली, माझो चष्मो खय?" तेव्हा तिच्या तोंडावर जे येतं ते पाहून मला वाटतं, सोडलं ते बरं केलं. फोन ठेवल्यावर मात्र मी मागीलदारी जाऊन बसते. आपल्या आईच्या घरात सून म्हणून राहणं सोपं नाही, आणि मला ते सोपं जातं असं कुणाला दाखवायची मला हौसही नाही.

मग गणपती आले.

माटवी बांधली, कवंडळं टांगली. आरत्या झाल्या, पुरुष भजनाला बसले आणि वाडीतल्या पोरी कोब्यावर उतरल्या. पायांना सारवणाचा गारवा नव्हता, पण चवड्यांचा आवाज तोच. तोंडाने फू-फू करत त्या फिरायला लागल्या. आई खुर्चीत बसली होती. मी पाहिलं, पातळाखाली तिची पावलं हलत होती, एकाआड एक, अगदी तालात. डोक्याने सगळं सोडलं होतं, पाय मात्र आपल्या जुन्या वाटेने चालले होते.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. गुडघे अजून पक्के नव्हते. "आये, घालूया एक?"

ती उठली. कुंदाकाकी 'अगो, पडतली' म्हणून धावल्या, मी त्यांना खुणेने थांबवलं. आईने चवडे माझ्या चवड्यांना लावले आणि हात पुढे केले. मी माझे दिले. काही ठरवून नाही, जसे येतात तसे.

तिने चटकन जीभ वाजवली.

"उलटो हात! किती येळा सांगूचा गो तुका?"

वहिनीचे हात कधी उलटे पडले नाहीत. वाडीतल्या कुणाचेच पडत नाहीत. या चुकीसाठी आईने जन्मात एकाच पोरीला रागावलं होतं.

तिने माझी बोटं एकेक करून सोडवली, डावा हात खाली घेतला, उजवा वर ठेवला आणि मनगटापाशी घट्ट धरलं. तोंडाकडे ती बघतच नव्हती. नावही तिने घेतलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही.

"रेल मागे," ती म्हणाली. "मी धरलंय तुका."